भिक्षाव्रती संघ नेमके काय असतात? (भाचा कपुचिन व्हायचं म्हणतोय, त्या निमित्तानं)

सातरस्ता

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. आजोबा रेल्वेत होते, बदलीवर इथं आले आणि आमचं कॅथलिक घर इथलंच झालं. थोरल्या बहिणीचा मुलगा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं घरात सांगितलंय की पदवी झाली की मी कपुचिन या भिक्षाव्रती कॅथलिक संघात जाणार. अक्का दोन दिवस नीट जेवली नाही. त्यात शेजारीपाजारी विचारायला लागले, "फादर होणार म्हणजे चर्चमध्ये नोकरी लागणार का?", "शाळेचा प्रिन्सिपल होईल ना पुढं?" अडचण अशी, की आमच्या घरातल्या निम्म्या लोकांनाही यापेक्षा जास्त माहिती नाही. म्हणून मी बरंच वाचलं, माहितगार फादरांना विचारलं, आणि इथं मांडतेय.

सगळे फादर एका जातीचे नसतात. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीत, असतात ते बहुतेक बिशपांच्या हाताखालचे, त्या धर्मप्रांताचे धर्मगुरू. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, त्यामुळे इथल्या धर्मग्रामांचा कारभार पुण्याच्या बिशपांकडे. संघातले व्रतस्थ वेगळे. ते ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात आणि संघ सांगेल तिथं जातात. त्यांच्यातही पुन्हा प्रकार आहेत. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या परंपरेतले मठवासी एका मठात शिरले की जन्मभर तिथंच. प्रार्थना, शेती, ग्रंथांच्या नकला. मठाच्या नावावर जमिनी असत, कुळं असत. एकटा साधू गरीब असला तरी मठ श्रीमंत असे.

बाराव्या-तेराव्या शतकात युरोपात शहरं वाढली. व्यापार, कापड, सावकारी आली, आणि गावकुसाबाहेर कामाच्या आशेनं आलेली गर्दी. मठ डोंगरदऱ्यांत होते, माणसं शहरात होती. त्या पोकळीत भिक्षाव्रती संघ उभे राहिले. मठाच्या भिंती नाहीत, जमीन नाही, वर्षासन नाही. रस्त्यावर, बाजारात, लोकांच्या भाषेत बोलायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं. फ्रान्सिसकन, डॉमिनिकन, कार्मेली आणि ऑगस्टिनियन हे त्यांतले चार मोठे. १२७४ च्या लिऑनच्या धर्मपरिषदेनं असे बरेच छोटे संघ बंद केले, हे चार टिकले.

आता असिसीच्या फ्रान्सिसबद्दल, कारण कपुचिन त्याचेच. जन्म ११८१ किंवा ८२ चा. बाप पिएत्रो बेर्नार्दोने कापडाचा व्यापारी. आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको! पोरगा दुकानावर बसायचा, मित्रांवर पैसे उधळायचा, लढाईत गेला, कैदेत पडला, आजारी पडला. मग एक दिवस बापाच्या दुकानातले तागे घोड्यावर लादून फोलिन्योच्या बाजारात गेला, कापड विकलं, घोडाही विकला आणि पैसे सान दामियानोच्या पडक्या देवळाच्या दुरुस्तीला द्यायला आला. तिथल्या पुजारी फादरनं बापाच्या धाकानं पैसे घ्यायला नकार दिला. बापानं त्याला बिशपांसमोर उभं केलं. पोरानं अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले. ही १२०६ ची गोष्ट. पुढं १२०९ मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपनी त्याच्या जगण्याला तोंडी मान्यता दिली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ ला होनोरियस पोपनी लेखी नियमावली मंजूर केली. त्या नियमावलीत चक्क लिहिलंय की बांधवांनी नाणी किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही आणि मध्यस्थामार्फतही घ्यायचा नाही.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट पोर्सियुंकुलाची. बेनेडिक्टच्या मठानं फ्रान्सिसला एक लहानसं देऊळ राहायला दिलं. मालकी नको म्हणून तो दरवर्षी मठाला टोपलीभर मासे भाडं म्हणून पाठवायचा. फुकट मिळत होतं, तरी भाडं भरलं, कारण उद्या कुणी "हे आमचं" म्हणू नये.

कपुचिन ही या घराण्यातली १५२५ नंतरची शाखा. मत्तेओ दा बाशो नावाच्या फ्रान्सिसकनाला वाटलं की आपण फार सुखवस्तू झालो, मूळ नियम जसाच्या तसा पाळायला हवा. १५२८ मध्ये सातव्या क्लेमेंट पोपनी मान्यता दिली. तपकिरी झगा, टोकदार टोपडं, कमरेला दोरी, पायात सपाता, दाढी. प्लेगच्या साथीत इतर लोक शहर सोडून पळत, तेव्हा हे शहरात शिरत. १६३० च्या मिलानच्या प्लेगमध्ये रोग्यांचं मोठं आवार कपुचिनांनीच चालवलं, त्यांत त्यांचे कितीतरी जण गेले.

माझं म्हणणं एवढंच, की हे लोक भीक मागण्यासाठी भिक्षा मागत नव्हते. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यावर आपलं पोट अवलंबून ठेवायचं, म्हणजे त्यांच्यापासून लांब जाताच येत नाही, असा तो विचार होता. माझा भाचा हे पाहून निघालाय. आपल्याला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा, विरोधात असलं तरी चालेल.

चादरवाला

ओ ताई, लई भारी लिहिलंय. आमचे चार माग आहेत अशोक चौकात, त्यामुळं कापडवाल्याचं पोरगं म्हटल्यावर वाचणं भाग होतं. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, त्याचा झगा कुठल्या कापडाचा? दुसरं जरा कडू आहे. आता हे भिक्षा कुठं मागतात? आमच्या पद्मशाली समाजातली पोरं कॉन्व्हेंटात घालायची तर फी बघून घाम फुटतो. इमारती बघा, मैदानं बघा. दारिद्र्याचं व्रत आणि हे कसं जुळवायचं?

जीवशास्त्र_बाई

शाळेत दहावीला शिकवते. अनुवंशशास्त्राच्या धड्याची सुरुवात ज्याच्या फोटोनं होते तो ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन संघाचा. १८४३ मध्ये तो ब्रनोच्या मठात दाखल झाला, तिथल्या बागेत वाटाण्याची हजारो झाडं वाढवली, १८६६ मध्ये निबंध छापला आणि त्याकडे कुणी बघितलं नाही. गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता, शिकायला पैसे नव्हते, संघात गेल्यामुळं शिकता आलं. मुलांना दरवर्षी एवढं सांगते. ८ मे २०२५ ला निवडून आलेले पोप लिओ चौदावे त्याच संघाचे, २००१ ते २०१३ ते त्याचे प्रमुख होते. मार्टिन ल्यूथरही मूळचा त्याच संघातला, १५०५ मध्ये एरफुर्टला दाखल झालेला. एका संघातून तिन्ही दिशांना माणसं गेली, मला हे फार विलक्षण वाटतं.

भीमातीर

सातरस्ता ताई, लेख मनापासून आवडला. मी पंढरपूरचा, माळकरी. म्हणून एक शंका मांडतो, राग नसावा.

आपल्याकडं भिक्षेची परंपरा जुनी. आळंदीची चार भावंडं माधुकरी मागून जगली. चक्रधरस्वामी तर याच तेराव्या शतकातले, त्यांनीही शिष्यांना एका गावी मुक्काम करून राहू नका, भिक्षेवर जगा, असंच सांगितलं. महानुभाव भिक्षू आजही फिरतात. पण आमच्या वारकरी पंथात याला दुसरी बाजू आहे. तुकोबांनी भिक्षापात्र हाती घेऊन जगण्याला लाजिरवाणं जिणं म्हटलंय. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सगळे आपापला धंदा करत देवाचं नाव घेत राहिले. आमचे चोखोबा मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंतीखाली गेले, तेही मजुरी करतानाच. मग धडधाकट माणसानं काम सोडून दारोदार जावं यात अध्यात्म कुठं आलं?

सातरस्ता

भीमातीर दादा, राग कसला, नेमका इथंच मला बोलायचं होतं.

फ्रान्सिसनं १२२६ मध्ये, मरणाच्या उंबरठ्यावर, एक मृत्युपत्र सांगून लिहून घेतलं. त्यात तो म्हणतो की मी स्वतःच्या हातांनी काम केलं आणि पुढंही करायची इच्छा आहे. सगळ्या बांधवांनी प्रामाणिक काम करावं, ज्याला येत नाही त्यानं शिकावं. कामाचा मोबदला मिळाला नाही तरच दारोदार जाऊन देवाच्या पंगतीला बसावं. म्हणजे भिक्षा ही दुसरी पायरी. सुरुवातीचे बांधव शेतात राबत, महारोग्यांच्या वस्तीत जखमा धूत. मजुरी म्हणून धान्य घेत, पैसा घेत नसत. तुकोबांना जे लाजिरवाणं वाटलं ते देवाचं नाव पुढं करून ऐतं खाणं असावं, असं मी समजते. त्या बाबतीत फ्रान्सिस त्यांच्याच बाजूचा निघतो. काम न करता खाणाऱ्या बांधवाला त्यानं चांगलंच सुनावल्याच्या गोष्टी आहेत.

डॉमिनिकचं थोडं वेगळं. तो स्पेनचा, ११७० च्या सुमाराचा. पालेन्सियात शिकत असताना दुष्काळ पडला तेव्हा यानं स्वतःच्या टिपणांनी भरलेली चामड्याची पुस्तकं विकली आणि पैसे भुकेल्यांना दिले. त्या काळी पुस्तक म्हणजे काय किंमत असेल विचार करा. त्याच्या संघात हातकष्टाची जागा अभ्यासानं घेतली. शिकून उपदेश करणं हेच काम. २२ डिसेंबर १२१६ ला मान्यता मिळाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये यानं मूठभर माणसं पॅरिस, स्पेन अशी चहूकडे पांगवली. सोबतचे घाबरले होते, एवढ्यात कशाला म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. पुढं थॉमस अक्वायनस याच संघातला. घरच्यांनी त्याला संघात जाऊ नये म्हणून वर्षभर कोंडून ठेवलं होतं. (अक्काला हे सांगितलं, तिला मुळीच बरं वाटलं नाही.)

आणखी एक. या संघांत प्रमुख निवडून येतो. बांधव मत देतात. राजेशाहीच्या काळात तेराव्या शतकापासून ही पद्धत चालू आहे.

चादरवाला दादा, झग्याचं सांगते. रंग न दिलेली जाडीभरडी लोकर, म्हणजे तेव्हाच्या मजुराच्या अंगावर असे तीच. त्याचा म्हणून जपलेला अंगरखा असिसीत आहे, ठिगळांवर ठिगळं लावलेला. फीचं उत्तर जरा सावकाश देते, घाईत देण्यासारखं नाही.

शिवयोगी_तळ्याकाठचा

यात आपले सिद्धरामेश्वर आठवणारच. बाराव्या शतकातले शिवयोगी. तळं खोदणं हीच पूजा अशी त्यांची शिकवण, आणि ते तळं सोलापूरच्या मधोमध आजही आहे. शरणांमध्ये, म्हणजे लिंगायत संतांमध्ये, आधी कायक, म्हणजे घामाचं काम. त्यातून जे मिळेल ते दासोहात, सगळ्यांच्या ताटात. मात्र आमच्याकडं जंगमांनी भिक्षेला यायची रीतही आहे आणि ती सन्मानाची आहे. काम आणि भिक्षा एकाच परंपरेत नांदू शकतात हे सोलापूरकराला पटायला अवघड नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याला कुणी मजुरी विचारत नाही.

वसईकर_बावखल

धागा उशिरा पाहिला. यात महाराष्ट्राचा भाग राहून गेलाय, तो लिहितो. जरा लांबेल.

भिक्षाव्रती इथं पोर्तुगीजांबरोबर आले असा समज आहे. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी ते ठाण्यात होते. १३२१ साली चार फ्रान्सिसकन चीनला जायला निघाले आणि त्यांचं जहाज ठाण्याच्या बंदराला लागलं. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. दिमित्री दुभाष्याचं काम करणारा बांधव. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या परंपरेतली थोडी ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालं, प्रकरण काझीपर्यंत गेलं, साक्षीला या पाहुण्यांना बोलावलं आणि तिथं धर्माचा वाद पेटला. एप्रिलमध्ये चौघंही मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन तेव्हा बाहेरगावी होता. तो परतला, त्यानं त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. हो, आपलं नालासोपारा! पुढं ओदोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिसकन आला, त्यानं त्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि चीनपर्यंत नेल्या. जॉर्डानसला १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं.

आता यातला थॉमस कोण होता ते पाहा. फ्रान्सिसच्या मरणानंतर संघ झपाट्यानं वाढला, मोठी देवळं बांधली, धान्याची कोठारं आली. काही बांधव म्हणाले, हे फ्रान्सिसचं नाही. वरिष्ठांनी त्यांना तुरुंगात टाकलं. त्या कैद्यांत हा थॉमस होता. १२८९ च्या सुमारास नव्या प्रमुखानं त्यांना सोडवून आर्मेनियाला धाडलं. दारिद्र्य काटेकोर पाळायचा हट्ट धरला म्हणून स्वतःच्या संघानं कोंडलेला माणूस तीस वर्षांनी ठाण्याच्या खाडीकाठी मेला. मी ठाण्याहून रोज लोकल पकडतो, आणि हे वाचल्यापासून ते स्टेशन मला पूर्वीसारखं वाटत नाही.

दुसरा आमचा गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, जपानात येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) मदतनीस, मग मकावला व्यापारी, चांगला पैसा कमावलेला. तो सोडून मनिलाला फ्रान्सिसकन संघात साधा ब्रदर झाला, म्हणजे व्रतं घेतलेला पण धर्मगुरू नसलेला, फादर नव्हे. जपानी भाषा येत होती म्हणून १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत हा एक. १८६२ मध्ये संतपद मिळालं. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. सातरस्ता ताई, तुमचा भाचा वसई किल्ल्यात यावा. फ्रान्सिसकन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघ, चौघांच्याही देवळांचे अवशेष चालत जाण्याच्या अंतरात आहेत. फ्रान्सिसकनांच्या देवळात पायाखाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत.

पार्क_चौक

वा वसईकर! हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

अस्वस्थ_वाचक

चांगली चर्चा चाललीय, पण एकतर्फी होतेय. बोरिवलीचं मंडपेश्वर बघून या. शिवाची लेणी, त्यावर फ्रान्सिसकनांनी चर्च उभारलं. गोव्यातला बारदेश तालुका त्यांच्याकडं होता, तिथली देवळं कुणी पाडली? युरोपात १२३० नंतर इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, काम प्रामुख्यानं डॉमिनिकनांवर सोपवलं गेलं. गोव्यात ते १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये थोडा खंड सोडला तर, चालू होतं. ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांच्या गळ्यात भिक्षेची झोळी होती म्हणून ते निर्दोष होत नाहीत.

सातरस्ता

तुम्ही लिहिलेलं खरं आहे, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. मंडपेश्वर मी पाहिलंय. लेण्याच्या वरचं ते पडकं बांधकाम पाहताना ख्रिस्ती म्हणून मला वाईट वाटलं, आजही वाटतं. भाच्यालाही हे माहीत असायला हवं, आणि आहे.

यात मला दिसतं ते असं. राजाच्या जहाजातून गेलं, राजाच्या तिजोरीतून पगार घेतला, की माणूस राजाचा होतो. गोव्यातल्या संघांचा खर्च पोर्तुगालचा राजा उचलत होता. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यावर पोट अवलंबून ठेवायचं हा मूळ करारच तिथं मोडला. म्हणून मी दारिद्र्याला एवढं धरून बसलेय. ते गेलं की उरलेलं सगळं बिघडायला वेळ लागत नाही.

उलट उदाहरणंही त्याच संघांतली आहेत. २१ डिसेंबर १५११ ला हिस्पानियोला बेटावर आन्तोनियो दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकननं भर चर्चमध्ये, समोर बसलेल्या स्पॅनिश जमीनदारांना विचारलं की कुठल्या अधिकारानं तुम्ही या मूळ रहिवाशांना गुलाम केलंत, ती माणसं नाहीत का? जमीनदारांनी राजाकडं तक्रार केली. बार्तोलोमे दे लास कासास तेव्हा स्वतः वेठबिगार राबवणारा. पुढं त्यानं ती जमीन सोडली, डॉमिनिकन झाला आणि उरलेलं आयुष्य याच लढ्यात घालवलं. १५४२ चे नवे कायदे बऱ्याच अंशी त्याच्यामुळं आले. आणि १२१९ मध्ये धर्मयुद्ध ऐन भरात असताना फ्रान्सिस इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला, बोलला आणि सुखरूप परत आला. एकाच झाडाची ही फळं आहेत. गोडच मोजायची किंवा कडूच मोजायची, दोन्ही मला जमत नाही.

दारिद्र्यावरून खुद्द संघात आणि रोममध्ये केवढी भांडणं झाली तेही सांगते. सुरुवातीला तोडगा असा होता, की वस्तू पोपच्या मालकीची, बांधव फक्त वापरणार. १३२२ मध्ये बावीसाव्या जॉन पोपनी ही मालकी नाकारली. पुढच्याच वर्षी, येशू आणि त्याच्या शिष्यांकडं काहीच नव्हतं असं म्हणणं पाखंड ठरवलं. त्याआधी १३१८ मध्ये मार्सेलला चार फ्रान्सिसकनांना जिवंत जाळलं होतं, झगा किती आखूड असावा आणि कोठारात धान्य साठवावं का, अशा मुद्द्यांवर ते हटले नाहीत म्हणून. हे वाचताना माझे हात थंड पडले.

अस्वस्थ_वाचक

उत्तर आवडलं. मतभेद आहेत, पण आवडलं.

करसल्लागार

चादरवाला यांच्या प्रश्नावर माझ्या धंद्यातलं थोडं. व्रतस्थानं नोकरी केली तर पगार त्याचा राहत नाही, संघाचा होतो. चर्चच्या कायद्यातच तसं आहे. कायमची व्रतं घेताना काही संघांत वारसाहक्काची मालमत्ताही सोडावी लागते. अनुदानित शाळेतल्या सिस्टर-फादरांचा पगार थेट संघाकडं जातो म्हणून त्यावर टीडीएस कापू नये असा त्यांचा युक्तिवाद होता. व्रतामुळं आम्ही कायद्यानं जणू मेलेलेच, असंही म्हटलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. पगार व्यक्तीला मिळतो, नंतर तिनं तो कुठं द्यायचा हा तिचा प्रश्न, कर लागणार. त्यामुळं व्यक्ती खरंच निष्कांचन असते, पण संस्था नसते. बेनेडिक्टच्या मठाबद्दल ताईंनी पहिल्याच लेखात जे लिहिलंय तेच आज संघांच्या बाबतीत म्हणता येईल.

सातरस्ता

अगदी बरोबर बोट ठेवलंत. चादरवाला दादा, हेच तुमचं उत्तर. शाळा चालवायची तर इमारत लागते, शिक्षकांचे पगार लागतात आणि भरमसाट फी घेणाऱ्या शाळांशी बरोबरी करायचा मोह होतो. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळा हे या व्रताचं अपयश आहे असं मला वाटतं, आणि हे मी फादरांच्या तोंडावर बोललेय. कपुचिनांत आजही वाद याच गोष्टीवर होतात. शाळा तर आपल्यातले बरेच संघ चालवतात. येशूसंघीय भिक्षाव्रती म्हणवत नाहीत, तरी प्रश्न त्यांनाही तोच आहे. भाचा म्हणतो मला वस्तीत काम करायचंय, विडी कामगारांच्या घरांत जाऊन बसायचंय. संघ त्याला शाळेत पाठवेल की वस्तीत, हे त्याच्या हातात नाही. आज्ञापालनाचं व्रत आहे ना.

निलगिरी_बाग

मुलींसाठी काय? सगळीकडं फादर-ब्रदरच दिसतायत.

सातरस्ता

मुली पहिल्यापासून आहेत. डॉमिनिकनं पुरुषांचा संघ काढायच्या आधी १२०६ मध्ये प्रुईला बायकांचा मठ काढला. असिसीची क्लारा १२१२ मध्ये घरातून रात्री निघून आली, फ्रान्सिसनं तिचे केस कापले. तिला मठात बंदिस्त राहावं लागलं, तेव्हा बायकांना फिरायची मुभा नव्हती. पण मठाच्या नावावर मालमत्ता नको म्हणून ती पोपांशी जन्मभर भांडली. मरणाच्या दोन दिवस आधी, १२५३ मध्ये, तिनं लिहिलेल्या नियमावलीवर पोपची मोहर आली. बाईनं बायकांसाठी लिहिलेली, रोमनं मंजूर केलेली ती पहिली नियमावली. आविलाच्या तेरेसानं १५६२ मध्ये कार्मेली संघाची सुधारणा सुरू केली, पुरुष तिच्या मागून आले. तिला साथ देणाऱ्या योहानाला तर त्याच्याच संघबांधवांनी तोलेदोत एका अंधाऱ्या खोलीत महिनोनमहिने डांबलं. ठाण्याला मेलेल्या त्या थॉमसचंच सगळं पुन्हा. लग्न झालेल्या माणसांसाठी तिसरी शाखा असते. घरसंसार करत फ्रान्सिसच्या वाटेनं चालायचं.

चादरवाला

ताई, एक सांगा, पोरगं उद्या कंटाळलं तर परत येऊ शकतं का? आमची ही विचारतेय.

सातरस्ता

येऊ शकतं, आणि म्हणूनच अक्का आता जेवतेय. लगेच कुणी व्रतं देत नाही. आधी काही काळ नुसतं सोबत राहायचं. मग नवशिक्याचा काळ, किमान बारा महिने. त्यात बहुतेक प्रार्थना, भांडी, झाडलोट, नियमाचा अभ्यास. मग ठराविक मुदतीची व्रतं, निदान तीन वर्षं, लांबवली तर नऊपर्यंत. ती संपली की कुठलाही डाग न लागता घरी येता येतं. त्यानंतर कायमची व्रतं. फादर व्हायचं की ब्रदर राहायचं हे पुन्हा वेगळं. खुद्द फ्रान्सिस कधी फादर झाला नाही. आमच्याकडं सगळ्यांना वाटत होतं की कागदावर सही केली की पोरगं गेलं. तसं नाही.

मंगळवेढेकर

वसईकर, किनारपट्टीचं झालं. आमच्या देशावर, विजापूरच्या बाजूला, यांचं काही होतं का?

वसईकर_बावखल

होतं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. पोर्तुगीज राजाच्या हाताबाहेर, थेट रोमच्या अधिकाराखाली मिशन हवं म्हणून १६३७ मध्ये आदिलशाही मुलखासाठी स्वतंत्र धर्माधिकारी नेमला. मातेउस द कास्त्रो, दिवाडी बेटावरचा गोव्याचा ब्राह्मण. गोव्याच्या आर्चबिशपनी त्याला फादर करायला नकार दिला होता, तो सरळ रोमला गेला आणि बिशप होऊन आला. त्याआधी बारदेशात रेइस मागोसच्या फ्रान्सिसकनांनी त्याला शिकवलं होतं. सोलापूरचा किल्लाही त्या काळात आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीत होता, म्हणजे हे तुमच्या अगदी दाराशी. हेच पद पुढं कार्मेलींकडं गेलं, आणि १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिसकनांना काढून मुंबईतली चर्चं त्या कार्मेलींच्या ताब्यात दिली. १८५० च्या आसपास तिथं आनास्तासियुस हार्टमान हे स्विस कपुचिन आले. त्यांनी १८५० मध्ये सुरू केलेलं इंग्रजी साप्ताहिक आजही मुंबईच्या धर्मप्रांताकडून निघतं.

ताई, भाच्याला घेऊन जुन्या गोव्यालाही जा. ऑगस्टिनियनांच्या मठाचा सेहेचाळीस मीटर उंच मनोरा, अर्धा पडलेला, अर्धा उभा. १८४२ मध्ये देवळाचं छत कोसळलं. त्याच ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीची हाडं सापडली, जिला १६२४ मध्ये शिराझला मारलं होतं आणि जिचे अवशेष ऑगस्टिनियनांनी गोव्यात आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेनं डीएनए तपासून ओळख पटवली आणि २०२१ मध्ये भारत सरकारनं त्यांतला भाग जॉर्जियाला भेट दिला. पावसाळा सोडून जा, तिथं सावलीला जागा नाही, टोप्या न्या.